लंगडी घोडी कोण घेईल

सारंगखेडा, ९ नोव्हेंबर

श्री. भरतराजे यांस,

चॅनेलवर तू स्वतःला हेच म्हणवून घेतोस, म्हणून मीही तेच लिहिलं. घरी तू नुसता भरत होतास. पत्र हातानं लिहून पोस्टानं पाठवते आहे, कारण गेल्या दिवाळीपासून तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस आणि व्हिडिओखाली काही लिहिलं तर तुझी माणसं पुसून टाकतात. पोस्टमनला अजून तुम्ही कामावर ठेवलं नसेल अशी आशा आहे.

परवाचा व्हिडिओ पाहिला. ‘दहा रद्दी गेम्स’, आणि त्यात चौथ्या नंबरवर ‘रोड टू ओर्वाल’. राग आला असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. मला किळस आली. माझ्या दुकानात झेरॉक्सला दोन माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी फोन पालथा घातला.

तू म्हणालास, गेम सहा तासांत संपतो. सोबतची पात्रं मुकी आहेत. आपण काहीही निवडलं तरी फरक पडत नाही. ती म्हातारी तिरंदाज अर्ध्या खेळानंतर नेम चुकवायला लागते, हा बग आहे आणि बनवणाऱ्यांनी तो दुरुस्तसुद्धा केला नाही. मग दोन घोड्यांचा प्रसंग दाखवलास. एकीकडे राजाच्या दूतानं आणलेला पांढरा घोडा, दुसरीकडे तबेल्याच्या कोपऱ्यातली लंगडी घोडी. कॅमेऱ्याकडे बघून तू हसलास आणि म्हणालास, ‘लंगडी घोडी कोण घेईल, मित्रांनो?’ मागून हसण्याचा आवाजही लावला होतास.

कोण घेईल ते तुला माहीत नाही? आपण घेतली होती. मी तेरा वर्षांची होते, तू सतरा. आबा मालकांच्या तबेल्यात खिदमतगार होते, आणि तबेल्याशेजारच्या खोलीत मालकांच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलेला होता. दर रविवारी आबा घोड्यांचे खूर साफ करायचे आणि आपण तिथं बसायचो. इंग्रजी तुला यायचं. तू वाचून अहिराणीत सांगायचास, मी माऊस धरायची, काही निवडायचं आलं की तो तू घ्यायचास. राजाच्या तलावात एक गाव बुडालंय, त्या गावाचा अर्ज घेऊन राजधानीला जायचंय, एवढं कळल्यावर मी तर हरखून गेले होते. असला गेम आपल्या इकडच्या कुणीतरी बनवला असणार असं मला कितीतरी दिवस वाटायचं.

पांढरा घोडा आला तेव्हा तू त्याच्यावर क्लिक करणारच होतास. आबा मागून ओला हात पुसत आले, पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, “हाऊ घोडा लेऊ नका रे. डोयाखाले भवरा शे. आसूढाळ शे तो.”

सारंगखेड्यातलं शेंबडं पोरसुद्धा घोड्याचे भोवरे बघूनच बोलतं. डोळ्याखाली भोवरा असलेला आसूढाळ घोडा धन्याला रडवतो म्हणून इथं कुणी फुकट दिला तरी दारात बांधत नाही. जगात बाकी कुणी गेम खेळताना घोड्याच्या डोळ्याखाली बघत नसेल. आपण बघितलं, आणि म्हणून लंगडी घेतली.

लंगडी घेतली म्हणून चालत जावं लागलं, आणि चालत गेलो म्हणून ती माणसं बोलायला लागली. ही त्या गेमची सगळी करामत आहे. पांढऱ्या घोड्यावर बसलं की सहा तासांत राजधानी, अर्ज दिला, राजा म्हणाला बघू, खेळ खलास. घोडा पळत असताना सोबतचे बोलणार कधी? ते मागून धावत असतात. पायी निघालं की चाळीस तास लागतात, आणि ती म्हातारी तिरंदाज, ब्रेगा, रोज संध्याकाळी रश्श्यात मीठ कमी म्हणून भांडते. तो चोर, फिन, दर मुक्कामाला आपल्या गावाचं नवंच नाव सांगतो. मग एके दिवशी खरंच त्याचं गाव येतं, तेव्हा एरवी तोंड बंद न होणारा हा माणूस गप्प होतो आणि रस्त्याची पलीकडची कड धरून चालायला लागतो. तो काही सांगत नाही, आपणच ओळखायचं. हे वाचताना तू थांबला होतास. पुढचं वाच म्हणून मी तुला कोपरानं ढोसलं होतं.

आणि तोबेन. आबांचा तोब्या, लंगडीचा खिदमतगार. तिला सोडून राहणार नाही म्हणून तो आपल्याबरोबर येतो. पांढरा घोडा घेणाऱ्याला असा कुणी माणूस या गेममध्ये आहे हेच कळत नाही. तुला कळलेलं होतं, भरत. तू माहीत नसल्याचं सोंग केलंस.

आबा तुझा प्रत्येक व्हिडिओ बघतात. हाही त्यांनी पूर्ण पाहिला. संपल्यावर मला विचारलं, “भरतले आपली घोडी याद नही ऱ्हायनी का?” मी म्हणाले, आबा, हा पहिला भाग आहे. दुसऱ्या भागात तो लंगडी घेणार आहे, मुद्दाम तसं ठेवलंय. ते खूश झाले. रोज मी दुकानातून आले की विचारतात, आज आला का, तोब्या कव्हय येई.

तेव्हा मी खोटं बोलले आहे आणि ते खरं करणं तुझ्या हातात आहे. दुसरा भाग कर. दहा मिनिटांचा केलास तरी चालेल.

आबा बरे आहेत.

मोहिनी


सारंगखेडा, १८ नोव्हेंबर

भरत,

तुझ्या ऑफिसचा ईमेल आला. ‘प्रिय प्रेक्षक, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ सोबत कुरिअरनं एक टोपी, पुढे तुझ्या चॅनेलचं चित्र. बहिणीला प्रेक्षक म्हणणारी मुलगी कोण ठेवली आहेस ते माहीत नाही, तिचा दोष नसेल. टोपी मी लालीच्या खुंट्यावर अडकवली आहे. लाली म्हणजे मालकांकडची म्हातारी घोडी. आबांनी काम सोडलं तेव्हा मालक तिला विकायला निघाले होते, तर आबा तिला घरी घेऊन आले. तुला हे माहीत नाही, कारण आई गेल्यावर तू तीन दिवस राहून गेलास तो गेलासच.

मी गेम पुन्हा खेळले. दुकानाचं शटर पाडून, दुपारच्या वेळी, नऊ दिवस. आता इंग्रजी मला वाचता येतं. तू तेव्हा बरोबर सांगत होतास, एक अक्षर पदरचं घातलं नव्हतंस. म्हणून तर जास्त शिसारी येते. न कळणाऱ्यानं रद्दी म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

निवडीनं फरक पडत नाही म्हणालास ना? मग राजाच्या हद्दीवरचं फाटक आठव. पहारेकरी तोबेनकडे बोट दाखवून विचारतो, हा कोण? तीन उत्तरं असतात. आमचा सोबती. आमचा नोकर. ओळखत नाही. बघू काय होतं म्हणून तू ‘नोकर’ दाबलंस. काहीच झालं नाही. तोबेन काही बोलला नाही, गुण कापले नाहीत, पडद्यावर सूचनाही आली नाही. तू म्हणालास, बघ, फुसका बार. मग मुक्काम पडला. ब्रेगानं रस्सा वाढला, सगळे शेकोटीभोवती बसले, आणि तोबेन आपली वाटी घेऊन लांब लंगडीपाशी जाऊन बसला. दुसऱ्या मुक्कामालाही. तिसऱ्याही. तो शेकोटीकडे परत आलाच नाही. मी रडायला लागले तेव्हा तू मागचा सेव्ह उघडलास आणि आपण ‘सोबती’ म्हणालो.

असला प्रसंग लिहिणाऱ्याला मी हात जोडते. तू त्याला रद्दीत घातलंस, कारण पडद्यावर मोठ्या अक्षरात काही आलं नाही.

आता ब्रेगाचा नेम. तो बग नाही. तिला दिसेनासं होत चाललेलं असतं आणि ती ते कुणाला सांगत नाही. आधी लांबचा बाण चुकतो, मग जवळचा. मग ती रस्सा ढवळताना भांड्याची कड बोटानं चाचपून बघते. सरसर जाणाऱ्याला हे दिसत नाही. मला मागच्या वर्षी दिसलं, पण गेममध्ये नाही. आबा लालीला खरारा करताना आधी तिच्या तोंडावरून हात फिरवायला लागले. कपाळ, नाकाड, डोळ्याखाली, मग मान. पूर्वी ते लांबून नुसतं बघून सांगायचे, घोडं कुठं दुखतंय ते. मला एकदम ब्रेगा आठवली आणि मी त्यांना नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काचबिंदू. एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्यात नळीतून बघितल्यासारखं थोडं उरलंय. डॉक्टर म्हणाले, तेही फार दिवस राहणार नाही. ‘आबा बरे आहेत’ असं मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. भरतला सांगू नको अशी त्यांनी शपथ घातली होती. ती मी आज मोडली.

म्हणजे माझी घाई कशासाठी आहे ते तुला कळलं असेल. फोन नाकाला लावून ते तुझे व्हिडिओ बघतात. तोब्या यायचा असेल तर त्यांना दिसतंय तोवर येऊ दे.

मोहिनी


सारंगखेडा, २९ नोव्हेंबर

भरतभाऊ,

तुझा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर आला, पाच मिनिटांचा. नंबर उघडलास त्याबद्दल आभार मानायचे का, ते कळत नाही.

तू म्हणतोस डोळ्यांचं आधी का नाही सांगितलं, मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. दाखवू. तू म्हणतोस दुसरा भाग करता येणार नाही, कारण लोक चालणं बघत नाहीत, तीन मिनिटांत निघून जातात, आणि एकदा रद्दी म्हटल्यावर चांगलं म्हटलं तर तुझ्या शब्दाला किंमत राहणार नाही. हे तू इतक्या शांतपणे सांगितलंस की मी पुन्हा लावून ऐकलं. तुझा शब्द तुला इतका जपायचा होता तर तो आधी खरा तरी बोलायचास.

शेवटी आवाज बारीक करून जे बोललास त्याचं उत्तर आज देते. तू म्हणालास, ‘मोहिनी, सुरुवात तू केली होतीस.’ हो, मी केली होती. मला वाटलं होतं तू विसरलास.

तू धुळ्याला इंजिनिअरिंगला होतास आणि यात्रेच्या वेळी तुझे चार मित्र घेऊन आला होतास. मालकांच्या ओट्यावर आपण सगळे बसलो होतो. आबा कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन आले, गुडघ्यापर्यंत शेणानं भरलेले. तुझ्या एका मित्रानं विचारलं, हे कोण? तुझं तोंड उघडं राहिलं. मी पंधरा वर्षांची, चुरूचुरू बोलणारी. मी म्हणाले, ‘घोड्यांकडचे गडी आहेत.’ तू माझ्याकडे असं बघितलंस की मी तुला बुडताना बाहेर काढलंय. आबांनी पेंढी खाली ठेवली आणि तुझ्या मित्रांना म्हणाले, “चहा ठेवू का, साहेब?” चहा आणून दिलासुद्धा. तू तो प्यायलास. मीही प्यायले.

त्या दिवशी जेवायला आबा नेहमीसारखे आपल्यात बसले. माझ्या ताटात भाकरी मोडून दिली. मला वाटलं, त्यांना काही लागलं नाही. तुझा व्हिडिओ बघून आलेली किळस अर्धी माझी मलाच आलेली आहे, एवढं कबूल करते. पण मी तो शब्द एकदा बोलले आणि बारा वर्षं त्यांच्याजवळ राहिले. तू तोच शब्द धरून बसलास. चॅनेलवर सांगतोस, आमच्या घराण्याचा घोड्यांशी पिढ्यांचा संबंध आहे. संबंध आहे, खराऱ्याचा आहे.

यात्रेत तुला बोलावलंय, तंबूत राहणार आहेस आणि व्हिडिओ करणार आहेस, हे तू सांगितलं नाहीस. मला दुकानात आलेल्या पत्रकावर तुझा फोटो दिसला. आबांना मी वाचून दाखवलं. ते सकाळपासून दाढी करून बसले आहेत, यात्रेला अजून आठवडा असताना. ते यात्रेत एका व्यापाऱ्याचे घोडे धरायला जातात. मी नको म्हणते, पण बिथरलेलं घोडं त्यांच्या हाताखाली गप्प राहतं, म्हणून व्यापारी घरी येऊन घेऊन जातात.

व्हिडिओ करू नकोस, जाऊ दे. घरी ये. आबांपुढे बस आणि म्हण की दुसऱ्या भागात तोब्या आला. तेवढं खोटं मी तुला माफ करीन.

मोहिनी


सारंगखेडा, ९ डिसेंबर

भरत,

परवा यात्रेत मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते. हातात आबांचा डबा होता. तुला मी दिसले की नाही हे मला माहीत नाही, आणि आता विचारायचंही नाही.

तुला फेटा बांधलेला होता. तीन माणसं, दोन कॅमेरे, एक छत्री धरणारा. त्यांनी व्यापाऱ्याचा सगळ्यात देखणा घोडा मागितला आणि व्यापाऱ्यानं पांढरा काढला. लगाम आबांच्या हातात होता. तू येण्याआधी ते सवयीनं घोड्याच्या तोंडावरून हात फिरवत होते. कपाळ, नाकाड, आणि डोळ्याखाली त्यांचं बोट थांबलं. तिथले केस कुणीतरी कातरून वर रंग दिला होता, मी नंतर जवळ जाऊन हात लावून बघितलं. डोळ्यांनी बघणाऱ्याला कळलं नसतं. बोटाला भोवऱ्याची गोल वळणं लागली.

तू रिकिबीत पाय टाकून वर बसलास आणि कॅमेऱ्याकडे बघून ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणालास. आबांनी तुझा आवाज ओळखला. आवाजाच्या दिशेनं मान वर केली, चेहरा असा उजळला होता की मी डबा खाली ठेवला. पण त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. चार माणसांत तुला अडचण होईल एवढं त्यांना कळतं, ते आपणच शिकवलंय. ते एवढंच म्हणाले, “भाऊ, उतर खाले. हाऊ घोडा आसूढाळ शे.”

कॅमेरेवाल्यानं विचारलं, ‘सर, हे आजोबा कोण?’

तू खाली बघितलंस. सरळ त्यांच्या तोंडाकडे. मी तोंडातल्या तोंडात तीन उत्तरं म्हणत होते. आणि तू म्हणालास, “घोड्यांकडचे गडी आहेत.” बारा वर्षांपूर्वीचं माझं वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग म्हणालास, “बाबा, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.”

आबा बाजूला झाले. लगाम तुझ्या हातात नीट दिला, तुझी मूठही वळवून दिली, लहानपणी द्यायचे तशी. घोडा चार पावलं दुडक्या चालीनं गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घोड्यानं तुला पाडलं नाही. पाडेल असं मला वाटलं होतं, खरं सांगायचं तर पाडावं अशी इच्छा होती. काही झालं नाही. तू फेटा सावरून हसलास आणि ते सगळं नीट रेकॉर्ड झालं.

तंबूपासून आपलं घर दहा मिनिटांवर आहे. मी दोन दिवस दाराशी खुर्ची टाकून बसत होते. फिन आपल्या गावाजवळून जाताना रस्त्याची पलीकडची कड धरतो, ते वाचून तू का थांबला होतास हे मला काल तुझी गाडी दोंडाईच्याच्या रस्त्याला वळली तेव्हा कळलं. त्याला निदान लाज वाटत होती.

त्या दिवशी घरी येताना आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. देवळाजवळ आल्यावर म्हणाले, “पांढराच लिधा त्यानी.” तोब्या कव्हय येई हे त्यांनी तेव्हापासून एकदाही विचारलेलं नाही. व्हिडिओ लावू का म्हटलं तर म्हणतात, डोळे दुखतात.

तेव्हा दुसरा भाग करू नकोस. मुंबईच्या डॉक्टरांचं मी बघते. माझा नंबर परत बंद केलास तरी चालेल.

गेमबद्दल शेवटचं लिहिते. तो रद्दी नाही. तो बनवणारा माणूस कधी तबेल्यात राहिला असेल की नाही कोण जाणे, पण त्याला जे ठाऊक होतं ते आपल्याला आबांच्या घरात राहून कळलं नाही. फाटकावर ‘नोकर’ म्हटल्यावर काहीच होत नाही, असं तू म्हणाला होतास. आबांच्या बाबतीत मीही बारा वर्षं तेच समजत होते.

त्या संध्याकाळी मी भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं, दोन ताटं वाढली आणि चुलीपाशी पाट मांडला. आबांनी आपलं ताट उचललं, भिंत चाचपत अंगणात गेले आणि लालीजवळ उकिडवे बसून जेवले. काल तिथंच जेवले. आजही तिथंच बसले आहेत.

मोहिनी